बिनटोकाच्या सुया

“माझ्या सुयांना हात कुणी लावला?”

नणंद ओटीवर उभी राहून ओरडत होती. एका हातात लिननचं कापड, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात. बोट तोंडात ठेवून माणूस एवढं स्वच्छ ओरडू शकतो हे मला त्या सकाळी कळलं. मागच्या वाडीतल्या चिकूवर उलटी लटकलेली वटवाघळं जागी होऊन सरळ बसली असं आमच्या शेजारणीने पाहिलं आहे; मी फक्त ऐकलेलं सांगते. गल्लीतल्या घराघरांतून चाललेली ठोकठोक मात्र थांबली, ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली. चिंचणीत आमच्या गल्लीची ठोकठोक दोनच कारणांनी थांबते. कुणाच्या घरी माणूस गेलं तर, नाहीतर कुणाच्या घरी ऐकण्यासारखं भांडण लागलं तर. आवाजावरून सगळे जिवंत आहेत हे कळतच होतं, तेव्हा लोकांनी छिन्न्या खाली ठेवल्या आणि खिडक्या उघडल्या. घिवलीहून मासळी घेऊन येणारी मावशी आमच्या पायरीवर टोपली उतरवत होती. मी बोंबलांचा भाव विचारला तर तिने मला हातानेच गप्प केलं. आधी हे ऐकू दे, मग बोंबील.

मी कापड हातात घेतलं. वाळूच्या रंगाचं लिनन, आणि कोपऱ्यात भरलेल्या कोयरीशेजारी रक्ताचा ठिपका. नणंद ही गोष्ट सांगते तेव्हा तो ठिपका बोराएवढा असतो. मी मोहरीएवढाच सांगते, यावरून माझ्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा. गार पाण्याने तो लगेच निघाला. पण तिचा आरडाओरडा रक्तासाठी नव्हताच. तिने सुयांची डबी माझ्या नाकासमोर धरली. डबीतल्या एकूण एक सुईला टोक होतं.

सुईला टोक असतंच, त्यात ओरडण्यासारखं काय, असं मावशीच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि वाचणाऱ्यालाही तसंच वाटेल. पण या सुया आम्ही टोक नाही म्हणूनच आणल्या होत्या. त्यासाठी पालघर आणि बोईसर अशी दोन गावं उलटी करून झाडली होती.

खिडकीपाशी सासरे कामाला बसले होते. डोळ्याला भिंग, हातात छिन्नी, समोर पोलादाचा ठोकळा. मान वर न करता ते म्हणाले, “मी लावला हात. बोथट होत्या सगळ्या. दुकानदारानं फसवलं तुमाला. काल दुपारी टोकं काढून ठेवली.”

आणि पुन्हा ठोकायला लागले. चेहऱ्यावर असा भाव, की आभार मानायचेच असतील तर काही घाई नाही, संध्याकाळपर्यंत माना.

सासरे डाय बनवतात. चिंचणीत हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेर सांगावं लागतं. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, उलटी आणि खोल. सोनार त्यावर पत्रा ठेवून दाबतो, आणि पत्र्यावर ती सुलटी उठून येते. कुठल्या कुठल्या गावच्या बायका जी कोयरी गळ्यात घालून लग्नात मिरवतात, ती आधी आमच्या ओटीवर उलटी जन्मलेली असते. सासऱ्यांच्या मते मोर पिसारा फुलवायला शिकला तोसुद्धा आमच्या गल्लीतल्या कुणाची तरी डाय बघून. हे सगळं काम टोकावर चालतं. छिन्नीचं टोक गेलं की दिवस गेला. त्यामुळे आमच्या घरात बोथट असं काही शिल्लकच राहत नाही. आमची विळी अशी, की भोपळा तिच्यासमोर नुसता ठेवला तर घाबरून स्वतःच दोन फाका होतो. पेन्सिली, टाचण्या, खिळे, माझं उलथनं, सासऱ्यांच्या हातून काही सुटलेलं नाही. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या केसांच्या पिनांना टोकं काढून दिली होती. प्रेमाने. ‘बोथट’ ही आमच्या घरातली शिवी आहे. शेजारच्या जावयाला सासरे एकदा एवढंच म्हणाले होते, आणि तो पुढचे दोन गणपती सासुरवाडीला आला नाही.

तर अशा घरात आम्ही बिनटोकाच्या सुया आणून ठेवल्या होत्या. आणि त्या आणण्याची पाळी आली तीही सासऱ्यांमुळेच.

नणंदेचं लग्न माकुणसारला ठरलं. माकुणसार माझं माहेर, स्थळ मीच सुचवलेलं. मुलगा चांगला, वाडी चांगली, माणसं बोलायला गोड. फक्त मुलाची आई शिवणवर्ग चालवते, आणि ती बाई कुठल्याही कापडाची उलटी बाजू आधी बघते. मी त्यांच्या वर्गात शिकलेली आहे. एका परकराची शिलाई त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा उसवून घेतली, की कापड विरत विरत शेवटी त्याचा हातरुमाल झाला, आणि मग त्यांनी मला हातरुमालाची शिलाई उसवायला लावली.

सुपारी फुटली त्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या होत्या. चहा झाला, आणि त्यांनी सहज विचारलं, रुखवतात मुलीच्या हातचं काय असेल? नणंद तोंड उघडेपर्यंत सासऱ्यांची नजर टेबलावर गेली. तिथे एक लिननचा तुकडा पडला होता. माझा नवरा तारापूरच्या एका गिरणीत विणाईला आहे. तिथे टोकाला उरलेला तुकडा त्याने मागून आणला होता. लिनन म्हणजे काय हे सासऱ्यांना तोपर्यंत ठाऊक नव्हतं, पण शब्द कानावरून गेला होता आणि तो त्यांना भारदस्त वाटला होता.

“आमची बाय लिननवर फुलीचा टाका घालते,” ते म्हणाले. “टीपॉयवरचं कापड करतेय. मागनं पुढनं सारखं.”

नणंदेने आयुष्यात फुलीच्या टाक्याचं एकच काम केलं होतं, शाळेत, मॅटीच्या कापडावर. तो गुलाब आहे की कोबी यावर आमच्याकडे अजून दोन पक्ष आहेत.

माकुणसारच्या बाईंनी चष्म्यावरून आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग नणंदेकडे. “लिननवर,” त्या म्हणाल्या. “बघू मग.”

याचा अर्थ मला माहीत होता आणि मी तो पाहुणे गेल्यावर सगळ्यांना सांगितला. लग्नाच्या दिवशी रुखवताशी पहिल्या त्या येणार, आणि चारचौघांत कापड उलटं करणार. सासरचा उंबरा ओलांडायच्या आधीच पोरीला बापाच्या शब्दाची परीक्षा द्यायची होती. तिने बापाला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चौकटीच्या कागदावर कोयऱ्यांची नक्षी काढून दिली. त्यांच्या दृष्टीने अवघड काम तिथेच संपलं होतं.

मॅटीवर फुलीचा टाका घालणं म्हणजे जाळीच्या खिडकीतून काडी बाहेर काढणं. भोकं स्वतःच हाका मारतात. लिननला भोकं असतात, पण ती लाजतात. धागा कुठे जाड, कुठे बारीक. दोन उभे, दोन आडवे असे धागे मोजायचे आणि त्यांच्यामधल्या फटीतून नेमकं वर यायचं. आम्ही आधी घरातल्या हुका-बटणांच्या सुयांनी करून बघितलं. त्यांना सासऱ्यांनी वेळोवेळी टोकं काढलेली होतीच. ते टोक फटीत जायच्या ऐवजी सरळ धाग्याच्या पोटात घुसायचं. लिननचा धागा मधोमध चिरला जायचा, फुलीचा पाय भलतीकडेच पडायचा, आणि शेजारच्या टाक्यातला रेशमाचा पदर सुईला चिकटून वर यायचा. एक ओळ भरली तर ती अशी दिसली की भरतीच्या पाण्यात शाळेतल्या पोरांची रांग लावली आहे. उसवायला गेलो तर कापडाला मिशा फुटल्या.

मग मोबाइलवर कुणा बाईला भरताना बघितलं आणि डोक्यात प्रकाश पडला. तिच्या सुईला टोक नव्हतं. पुढून गोल, मागे लांबट नेढं. ती सुई कापडात घुसत नव्हती, धाग्यांना बाजूला सारून निघत होती. नात्यातल्या लग्नात जाडशी आत्या पंगतीत बसायची जागा करून घेते तशी. धक्का कुणाला नाही, पण जागा मिळालेली.

पालघरच्या बाजारात आम्ही टोक नसलेली सुई मागितली. पहिल्या दुकानदाराने विचारलं, मग ती सुई कसली? दुसऱ्याने दाभण काढला, गोधडीची सुई काढली, मशीनच्या सुया काढल्या, आणि आम्ही सगळ्याला नाही म्हटल्यावर शेवटी नाडी घालायची पिन पुढे सरकवली. ती बोथट होती हे मान्य करावं लागेल. तिसऱ्याने आम्हाला बघून लांबूनच हात हलवला, म्हणजे आमची कीर्ती आमच्या आधी पोचली होती.

बोईसरला स्टेशनजवळ लेस आणि बटणांचं एक दुकान आहे. कारखान्यांतल्या बायका तिथे येतात, त्यामुळे मालक आमच्याशीही हिंदीतच बोलतो. “बिना नोक की? स्वेटर जोडने वाली?” असं म्हणून त्याने आतून एक पाकीट काढलं. टोक नव्हतं. आम्ही दोघी स्टेशनपर्यंत नाचत यायच्या बाकी होतो. घरी नवऱ्याने सुई बघितली आणि विचारलं, होडी कुठे ठेवलीत? वल्ह्याएवढी जाड होती. लिननमध्ये घातली की दोन धाग्यांमधलं दार उघडायचं आणि पुन्हा बंद व्हायचं नाव नाही. उजेडासमोर धरलं तर कापडाची चाळण झाली होती.

म्हणजे नुसतं बोथट असून भागत नाही, जाडीही बरोबर लागते. आम्ही पुन्हा बोईसरला. मालकाने सांगितलं की मुंबईहून माल मागवता येईल, नंबर सांगा. बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस असे नंबर असतात. बारीक पाहिजे, तेव्हा बावीस, नणंद म्हणाली. मीही बावीसच म्हटलं. मालकही म्हणाला, बावीस. तिघांचं एवढ्या पटकन एकमत झालं तेव्हाच शंका यायला हवी होती. बावीस आली ती वल्ह्याची धाकटी बहीण.

नवऱ्याला हसू आवरेना. गिरणीत सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होतं, तो म्हणाला, सुईचंही तसंच असणार, वर जा. माझा नवरा वर्षातून एकदा बरोबर असतो. त्या वर्षीचं ते तिथे खर्ची पडलं. आम्ही वरचे तिन्ही नंबर मागवले.

मग एक अख्खा रविवार ओटीवर बसून आम्ही सुया पारखल्या. वधूपरीक्षेला एवढा वेळ लागला नव्हता. रेशमाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन घ्यायचे. अठ्ठावीस नंबरचं नेढं इतकं चिंचोळं, की दोन पदर ओवतानाच रेशमाची लव निघायची, आणि विसेक टाक्यांत धाग्याची चमक जाऊन तो म्हाताऱ्याच्या जानव्यासारखा दिसायचा. शिवाय सुई कापडात खोवून हात सोडला की ती सुळकन खाली. चोवीस मजबूत, पण आमच्या घट्ट विणीच्या लिननमध्ये जाताना कापड कुरकुर करायचं आणि टाक्याच्या कोपऱ्यावर बारीक डोळा राहायचा. सैल विणीच्या कापडाला ती चालली असती. सव्वीस खोवून सोडली तर कापड तिला हलकेच धरून ठेवायचं, आणि ओढली की न भांडता सोडायचं. तिच्यामागे धागे पुन्हा आपापल्या जागी येऊन बसायचे. ठरलं, सव्वीस.

त्यानंतर काम सुरळीत लागलं. नणंदेचा हात बसला. पहिली कोयरी पुरी झाली, आणि ती उलटी करून बघितली तर खरंच मागूनही बघण्यासारखी होती. मी माकुणसारच्या बाईंच्या डोळ्यांनी बघितली आणि मला उसवण्यासारखं काही सापडलं नाही. लग्नाला अजून तीन आठवडे होते. त्या आनंदात आम्ही दोघी ब्लाउज टाकायला पालघरला गेलो, नवरा कामावर गेला, आणि घरात राहिले सासरे आणि डबीभर बोथट सुया. एवढा मोह त्यांना आवरला नाही. त्यांनी डबी उघडली, भिंग लावलं, आणि त्यांना आमची दया आली. बिचाऱ्या पोरी, गाव पालथं घालून आणल्या आणि दुकानदाराने पाठवल्या अशा. मग निसण्याचा दगड घेऊन त्यांनी एकेक सुई हातात धरली. चारही नंबरांच्या. वल्हंसुद्धा सोडलं नाही. टोकं अशी काढली, की सुई कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते सांगता यायचं नाही.

इथे पुन्हा ती सकाळ.

नणंदेने बोईसरला फोन लावला. मालक म्हणाला, आता माल पुढच्या महिन्यात. मोबाइलवर मागवायला गेलो तर पोचण्याची तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे सुया आल्या असत्या आणि भरणारी गेली असती. कापडावर एक कोयरी झालेली, सात बाकी. नणंद डबी घेऊन बापासमोर जाऊन बसली.

“बाबा, परत घासा या.”

“कशाला? टोक कमी वाटतं?”

“बोथट करा.”

सासऱ्यांनी छिन्नी खाली ठेवली. भिंग काढलं. काम चालू असताना ते भिंग काढत नाहीत. एकदा मागच्या खोलीच्या छपरावर नारळाची झावळी पडून कौलं फुटली तेव्हासुद्धा भिंगातूनच वर बघितलं होतं आणि म्हणाले होते, मोठी दिसतेय.

“पोरी, या हातानं जन्मभर टोक काढलं,” ते म्हणाले. “बोथट करायचा हात नाय माझा. गल्लीत तोंड दाखवू का नको?”

पायरीवरून मावशी म्हणाली, “सासू टोकाची बघितलीत तिला. सुई तरी बोथट द्या.”

गल्लीतल्या खिडक्या हसल्या. सासरे हसले नाहीत. मी म्हटलं, शब्द तुम्ही दिलात, मागून पुढून सारखं म्हणालात, तो तिला निभवायचाय. ते म्हणाले, निभवू दे की, आता तर टोक हाय. माणूस खोटं बोलत नव्हता. टोक असलं की काम चांगलंच होणार, यापलीकडे त्यांना खरोखर काही दिसत नव्हतं.

मग नणंदेने वाद सोडला. तिने लिनन त्यांच्या ठोकळ्यावर पसरलं, त्यांचं भिंग त्यांच्या हातात दिलं, आणि टोक काढलेली सुई त्यांच्या नजरेखाली कापडात घातली. सुई धाग्यात घुसली. धाग्याचे तंतू दोन्ही बाजूंना उभे राहिले. तिने सुई काढली, उलटी धरली, आणि नेढ्याची गोल बाजू पुढे करून शेजारी घातली. धागे सरकले, सुई गेली, धागे मिटले.

सासरे आणखी खाली वाकले. तिने पुन्हा टोकाने केलं, पुन्हा नेढ्याने केलं.

“कापडाला भोक पाडायचं नाय, बाबा,” ती म्हणाली. “भोक हाय, तिथनं जायचंय.”

“मग सुई करते काय?”

“काय नाय करत. दोरा घेऊन जाते.”

हे त्यांना पटलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यभर त्यांच्या हातातल्या लोखंडाने दुसरं लोखंड कापलं होतं. काहीच न कापणारं हत्यार त्यांनी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी डबी उचलली, आम्हाला खोलीबाहेर जायला सांगितलं, दार लावलं, आणि गल्लीकडची खिडकीही लावून घेतली. आमच्या घरात काहीतरी बोथट केलं जातंय हे कुणाच्या डोळ्यांनी बघू नये म्हणून. मावशीने बोंबील मापून दिले आणि भाव वाढवून सांगितला. म्हणाली, तमाशा धरून.

पहिली सुई बाहेर आली ती खिळ्यासारखी सपाट. कडेला काट्यासारखी बारीक कूस राहिली होती, तिला रेशीम अडकायचं. नणंदेने ती परत आत दिली. दुसरी बरी. तिसरी चांगली. चौथीपासून त्यांना चव लागली. पुढचा भाग तांदळाच्या दाण्यासारखा गोल करायचा, मग चामड्यावर पॉलिश. तोवर गल्लीला त्यांनी खिडकी उघडून सांगूनही टाकलं होतं, की ही खास लिननची सुई आहे, अशी बाजारात मिळत नाही, म्हणून घरी बनवावी लागते. दोन दिवसांत बातमी वाणगावपर्यंत गेली आणि तिथून परत आली ती अशी, की आमच्या सासऱ्यांनी विलायतेच्या राणीच्या रुमालासाठी सुया घडवल्या. सासऱ्यांनी ते नाकारलं नाही. फक्त म्हणाले, लोक काय काय बोलतात.

एक भानगड राहिली. घासताना सुयांवरचा मुलामा गेला होता, आणि आमची हवा खारी. रात्री बाहेर राहिलेल्या सुईवर सकाळी तपकिरी वांग उठायचा. गंजाचा डाग लिननला लागला तर तो लग्नानंतरही जात नाही. तेल लावावं तर तेलाचा डाग. शेवटी सासऱ्यांनी सुया टाल्कम पावडरच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, आणि रोज सकाळी देवपूजा आटोपली की एकेक सुई बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसून लेकीला द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. घरातल्या देवांना त्या तीन आठवड्यांत घाईघाईची आंघोळ मिळाली, पण सुयांच्या सेवेत खंड पडला नाही. त्या जरा आखूड झाल्या होत्या, नणंदेच्या बोटांना सुरुवातीला जड गेलं, पण नंतर तिचा हात असा धावायला लागला की कोयऱ्या कापडावर आपणहून येऊन बसताहेत असं वाटावं. चिरलेले धागे तिने पुढच्या टाक्यांखाली झाकले. शेवटची कोयरी हळदीच्या आदल्या दिवशी पुरी झाली. कुठेही गाठ नाही, दोऱ्यांची टोकं मागच्या टाक्यांखालून सरकवलेली.

लग्नाच्या दिवशी माकुणसारच्या बाई मांडवात आल्या आणि सरळ रुखवताशी गेल्या. त्यांच्यामागून त्यांच्या वर्गातल्या सात-आठ मुलीही. सासरे तिथेच चिकूच्या परड्या रचल्याचं निमित्त करून उभे होते. त्या परड्या त्यांनी एवढ्यांदा उचलून ठेवल्या की चिकू पिकले. बाईंनी कापड उचललं. उलटं केलं. चष्मा वर सरकवला. अंगठा मागच्या बाजूवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. सनईवाल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तोही थांबला असं मला आठवतं. मग त्यांनी कापड सुलटं केलं, होतं तिथे ठेवलं, कोपरा सरळ केला, आणि शेजारच्या करंज्यांकडे वळल्या. बोलल्या काहीच नाहीत.

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. कन्यादानात त्यांचे डोळे भरून आले तेव्हा सगळ्यांना वाटलं लेकीसाठी. माझ्याजवळ येऊन त्यांनी चारदा विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, काही नाही. मी त्यांना समजावलं की त्या बाई गप्प राहिल्या म्हणजे त्यांना खोट सापडली नाही, मी त्यांच्याकडे शिकले आहे, मला ठाऊक आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. पोरगी पहिल्याच दिवशी मान खाली घालून त्या घरात गेली असणार, आणि ती आपल्या जिभेपायी, असं त्यांनी मनात घेतलं. त्यानंतरचे काही दिवस आमच्या घरातून ठोकठोक जेमतेम ऐकू आली.

पाचव्या दिवशी पाचपरतवणाला नणंद आणि जावई माहेरी आले. चेहऱ्यावरून ती खुशीत दिसत होती, पण सासऱ्यांना चेहरा वाचायचा नव्हता, शब्द ऐकायचा होता. पाणी झालं, चहा झाला, जावयाला वाडी दाखवून झाली. सासरे कामाच्या जागी जाऊन बसले, छिन्नी उचलली, ठेवली. शेवटी तिला हाक मारली आणि ठोकळ्याकडे बघतच विचारलं, कापडाचं काय म्हणाल्या तुझ्या सासूबाई.

नणंद पाटावर बसून शेंगा सोलत होती.

“नीट हाय म्हणाल्या,” ती म्हणाली. “मिक्सरवर घातलंय.”